लय मजूर लागले असतीन

"लय मजूर लागले असतीन इथं," फोटो पाहून बाबा म्हणाले.

नोव्हेंबर होता. काटोलला घरच्या ओसरीत बसून मी त्यांना फोनवर इटलीतला एक डोंगर दाखवत होते. खाली निळा समुद्र, कड्याला चिकटून बसलेली गुलाबी-पिवळी घरं आणि त्यांच्या वर पार माथ्यापर्यंत चढत गेलेल्या द्राक्षांच्या पायऱ्या. हाच फोटो मी पुण्यात ऑफिसातल्या सात-आठ जणांना दाखवला होता. कुणी नुसतं 'वॉव' म्हणालं, कुणी खर्च विचारला, एकानं फोटो ड्रोनचा आहे का म्हणून विचारलं. मजुरांची आठवण काढणारे बाबा पहिलेच.

मी हसले आणि पुढचा फोटो दाखवला. पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

त्या जागेचं नाव चिंक्वे तेर्रे. इटलीच्या वायव्येला लिगुरिया नावाचा प्रांत आहे, त्याच्या किनाऱ्यावरची ही पाच गावं: मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निलिया, मानारोला, रिओमाज्जोरे. द्राक्षं आणि समुद्र एकाच चौकटीत दिसतात, म्हणून जगभरचे लोक इथं येतात. 1997 साली युनेस्कोनं हा भाग जागतिक वारसा यादीत घेतला. सप्टेंबरात तिथं द्राक्षांची तोडणी असते. लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसाला, म्हणजे येत्या सप्टेंबरात, तिथं जायचं असं मी आणि नवऱ्यानं ठरवलं होतं. दहा दिवस, दोघं, अंदाजे चार लाख वीस हजार रुपये.

त्या वर्षी आमच्या चार एकर संत्र्याच्या बगिच्याचा सौदा तीन लाख चाळीस हजारांत झाला होता. खतं, फवारण्या, मोटारीचं बिल, सगळं त्यातूनच वजा व्हायचं होतं.

हे दोन आकडे मी एका कागदावर कधीच लिहिले नाहीत. तरी ते एकमेकांशेजारीच उभे होते. छोट्या गावातून शहरात जाऊन बऱ्यापैकी पगार मिळवणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना ही अडचण ओळखीची असेल. हॉटेलच्या 'कन्फर्म बुकिंग'वर बोट ठेवताना मनात घरच्या बोअरची खोली येते. आमचा बोअर सातशे फुटांवर गेलाय.

*

आधी स्वतःलाच विचारला तो प्रश्न सरळ होता. घरी अशी परिस्थिती असताना मी मजा करायला जाणं चूक आहे का?

या प्रश्नाचं सगळ्यात कडक उत्तर पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञानं 1972 सालच्या एका निबंधात दिलंय. वाटेतल्या तळ्यात एक मूल बुडतंय. त्याला वाचवायला उतरलो तर आपले कपडे चिखलात खराब होतील, एवढंच नुकसान. आपण उतरणार की नाही? उतरणारच. मग सिंगर म्हणतो की दूर कुठे उपासमारीनं मरणारं मूलही तसंच आहे. अंतरामुळे नैतिक फरक पडत नाही. आपल्या चैनीचा पैसा तिकडे जायला हवा.

हा युक्तिवाद खोडणं फार अवघड आहे. आणि त्याप्रमाणे पूर्ण जगणारं माणूस माझ्या पाहण्यात एकही नाही. सुझन वुल्फ या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी 1982 साली दुसऱ्या टोकाकडून विचार केला. समजा, एखाद्यानं आयुष्यातला क्षण न् क्षण इतरांच्या भल्यासाठीच वापरला; त्याला संगीत, खेळ, चांगलं जेवण, भटकंती कशालाच जागा उरली नाही. असं आयुष्य आपण खरंच आदर्श मानू का? आपल्या मुलीनं असंच व्हावं असं वाटेल का? वुल्फबाईंना तसं वाटत नाही. चांगलं माणूस होणं ही माणसाची एकमेव भूक नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे.

मला वुल्फबाई पटल्या, पण त्या निबंधामुळे नाही. बगिच्यामुळे.

संत्र्याला वर्षात दोन बहार येतात, मृग आणि अंबिया. अंबिया बहार धरायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत झाडाचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, काही गळतातही. याला 'ताण देणं' म्हणतात. पुण्यात 'ताण' म्हटला की ज्याच्यापासून सुटायला आपण सुट्टी काढतो तो. काटोलला ताण म्हणजे झाडाची विश्रांती. त्या काळात झाडाची वाढ थांबते, ते अन्न साठवतं आणि नंतर पाणी सोडलं की फुलतं. न थांबता पाणी पीत राहिलेलं झाड हिरवंगार दिसतं, पण फुलत नाही.

झाडाला विश्रांती लागते हे बाबांना चांगलं कळतं. स्वतःला लागते हे त्यांनी कधी मानलं नाही. त्यांचा प्रवास म्हणजे एकदा पंढरपूर, एकदा तिरुपती आणि बाकी सगळा काटोल ते नागपूरचं कळमना मार्केट. मी म्हटलं, "बाबा, तुम्हीपण चला ना आमच्यासोबत." ते म्हणाले, "सप्टेंबरात? तवा फळगळ राह्यते. फवारा कोन मारन?"

म्हणजे मी तिथं द्राक्षांची तोडणी पाहत असेन, तेव्हा बाबा इथं झाडाखाली गळून पडलेली हिरवी संत्री मोजत असतील. तरीही मी न गेल्यानं त्यातलं एकही फळ झाडाला परत लागणार नाही. मी घरी पैसे पाठवते, पाठवत राहीन. उरलेल्यातून मी समुद्र पाहिला तर तो गुन्हा नाही. या निष्कर्षाला मी आले आणि मला हलकं वाटलं.

पण बाबांचं वाक्य अजून तिथंच होतं. ते खर्चाबद्दल बोललेच नव्हते.

*

मग मी त्या डोंगराबद्दल वाचायला लागले.

फोटोत जो हिरवा जिना दिसतो, तो निसर्गानं केलेला नाही. साधारण हजार वर्षांपासून तिथल्या लोकांनी उभा डोंगर फोडून त्याच दगडांच्या भिंती रचल्या, भिंतीमागे माती भरली आणि त्या अरुंद पट्टीत वेली लावल्या. भिंतींत चुना नाही की सिमेंट नाही. दगडावर दगड नुसता बसवलेला, म्हणून पावसाचं पाणी फटींतून झिरपून जातं आणि भिंत टिकते. ही कोरड्या दगडांची रचाई स्वतःच एक वारसा आहे असं युनेस्कोनं 2018 साली मान्य केलं. इटलीसह आठ देशांनी मिळून त्यासाठी अर्ज केला होता. तिथं ट्रॅक्टर चढत नाही. द्राक्षं पूर्वी डोक्यावरून, पाठीवरून यायची. आता काही ठिकाणी एका रुळावर चालणारी चिमुकली गाडी लावली आहे, तीत बसून क्रेट खाली येतात. द्राक्षं सुकवून शाकेत्रा नावाची गोड वाइन करतात. ती थोडीच होते आणि महाग विकली जाते.

पण वेली सांभाळायला माणसं कमी पडत गेली. 1874 मध्ये तिथं रेल्वे आली, पुढे शहरांत आणि कारखान्यांत नोकऱ्या मिळाल्या, पोरं डोंगर उतरून गेली. अगदी मी काटोलहून गेले तशीच. सोडून दिलेल्या पट्टीतली भिंत कुणी दुरुस्त करत नाही, पाणी तुंबतं, भिंतीला पोट येतं आणि एक दिवस ती मातीसकट खाली येते. 25 ऑक्टोबर 2011 ला काही तासांत प्रचंड पाऊस कोसळला आणि वेर्नात्सा, मोंतेरोस्सो ही गावं चिखलाखाली गेली. माणसं मेली. पाऊस अफाट होताच, पण पडीक पायऱ्यांची माती धरून ठेवायला कुणी उरलं नव्हतं, हेही खरं होतं.

म्हणजे आपण ज्याला 'व्ह्यू' म्हणतो तो रोजच्या रोज केलेल्या कामाचा साठा आहे. काम थांबलं की व्ह्यूही थोड्याच वर्षांत घसरून समुद्रात जातो.

रेमंड विल्यम्स या वेल्श लेखकाचं 'द कंट्री अँड द सिटी' हे 1973 सालचं पुस्तक आहे. तो रेल्वेत सिग्नलवर काम करणाऱ्याचा मुलगा, खेड्यातून केंब्रिजला गेलेला. त्याच्या म्हणण्याचा सारांश माझ्या शब्दांत असा: राबणाऱ्याला रान 'देखावा' म्हणून क्वचितच दिसतं. देखावा व्हायला बघणारा वेगळा व्हावा लागतो, लांब उभा राहावा लागतो. हे वाचल्यावर मला बाबा आणि माझ्यातला फरक कळला. मी लांब गेले होते, म्हणून मला डोंगर सुंदर दिसला. ते अजून बगिच्यातच होते, म्हणून त्यांना मजूर दिसले.

एवढ्यावर हा लेख संपवता आला असता. 'कष्टकरी बापाची नजर आणि शहरी लेकीची नजर', छान झाला असता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच बगिच्यात तोडा सुरू झाला.

*

आमच्याकडे बगिचा बहुतेक वेळा उक्ता विकतात. फळ झाडावर असतानाच व्यापारी येतो, झाडं फिरून पाहतो, अंदाज बांधतो, सौदा होतो. मग केव्हा तोडायचं, कुणाकडून तोडायचं, कुठे पाठवायचं हे त्याचं काम. शेतकऱ्याला तोडाईची कटकट नाही. व्यापारी मजुरांची टोळी घेऊन येतो. यंदाची टोळी सीमेपलीकडून, मध्य प्रदेशातून आली होती. वीस-बावीस जण, त्यात निम्म्या बाया.

मी फोन घेऊन बगिच्यात गेले. कोवळं ऊन, दवानं ओली पानं, डोक्याला फडकी बांधलेल्या बाया, केशरी फळांनी भरलेली कॅरेटं. फोटो फार सुंदर आले. चिंक्वे तेर्रेच्या फोटोइतकेच. चार-पाच काढल्यावर माझ्याच वयाची एक जण जवळ आली. मला वाटलं, फोटो बघायला मागेल. तिनं विचारलं, "दीदी, घर पे मोबाइल चार्जिंग को लगा दोगे क्या?"

तिचा फोन घेऊन मी विचारलं, तुम्ही राहता कुठे? तिनं मोटारीच्या खोलीमागे हात केला. तिथं बांबूवर ताडपत्री ताणलेली होती. वीस-बावीस माणसं, पाच दिवस, नोव्हेंबरची थंडी. बायांना आडोसा म्हणून तुरीचं शेत. मी आयुष्याची अठ्ठावीस वर्षं या बगिच्याची मुलगी म्हणून काढली आहेत आणि तोडणारे रात्री कुठे झोपतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

घरी येऊन मी बाबांना विचारलं. जरा चिडूनच विचारलं असेल.

"ते आपले मानसं नाई बाई," बाबा म्हणाले. "व्यापाऱ्याचे हाय."

ते खोटं बोलत नव्हते. सौदा तसाच होता.

त्याच आठवड्यात, इटलीबद्दल वाचता वाचता, मला जून 2024 मधली एक बातमी सापडली. रोमच्या दक्षिणेला साधारण 70 किलोमीटरवर लातिना नावाचा जिल्हा आहे. समुद्राकाठची सपाट, सुपीक जमीन, भाज्या आणि फळांची शेती. तिथं हजारो भारतीय, मुख्यतः पंजाबी, शेतमजुरी करतात. त्यातल्या एकाचा, कागदपत्रं नसलेल्या तिशीतल्या तरुणाचा, हात यंत्रात सापडून तुटला. त्याला दवाखान्यात नेण्याऐवजी घराजवळ आणून सोडलं. तुटलेला हात फळांच्या क्रेटमध्ये ठेवलेला होता. दोन दिवसांनी, 19 जूनला तो गेला. नंतर भारतीय मजूर मोठ्या संख्येनं लातिनाच्या रस्त्यावर उतरले.

इटलीत मजूर पुरवणाऱ्या मुकादमाला 'कापोराले' म्हणतात आणि त्या सगळ्या पद्धतीला 'कापोरालातो'. 2016 साली 199 क्रमांकाचा कायदा करून त्यांनी मुकादमाबरोबर मालकालाही गुन्हेगार ठरवायची तरतूद केली. 'माणसं माझी नाहीत, मुकादमाची आहेत' ही पळवाट बुजवण्यासाठी. कायदा झाल्यावर आठ वर्षांनी ही घटना घडली.

लातिना आणि आमचा बगिचा एक नाही. आमच्याकडे कुणाचा हात तुटला नाही, कुणाला टाकून दिलं नाही. बाबांनी मजुरांना बोअरचं पाणी दिलं, आईनं एकदा चहा पाठवला. पण दोन्हीकडे एक वाक्य सारखं आहे: ते आपली माणसं नाहीत. शेतकरी म्हणतो व्यापाऱ्याची, व्यापारी म्हणतो मुकादमाची, मुकादम म्हणतो ज्याची त्याची. संत्र्याला मात्र असं होत नाही. 2014 मध्ये 'नागपूर संत्रा' या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे फळ कुठल्या मातीतलं ते कायद्यानं पक्कं झालं. फळाला पत्ता आहे. तोडणाऱ्या हाताला नाही.

आणि या साखळीत सगळ्यात शेवटी, सगळ्यात लांब, फोन हातात धरून मी उभी आहे.

*

म्हणून मला आता वाटतं, मी विचारत होते तो प्रश्नच थोडा चुकीचा होता. 'मी जाऊ की नको?' हा माझ्याविषयीचा प्रश्न आहे. माझी अपराधी भावना, माझी परवानगी, माझी सुट्टी. मी नाही गेले तर वाईट वाटणं थांबेल, पण ताडपत्रीखालच्या माणसांच्या थंडीत काही फरक पडणार नाही. बाबांच्या वाक्यातून निघणारा प्रश्न वेगळा आहे: इथं जे सुंदर दिसतंय ते कोणी केलं आणि ती माणसं कोणाची?

यावर कुणी म्हणेल, हे असं प्रत्येक गोष्टीला विचारत बसलं तर चहाचा घोटही उतरणार नाही. बरोबर आहे. सगळ्या जगाच्या साखळ्या मी तपासू शकत नाही. पण एक साखळी माझ्या घराच्या मागच्या दारातून जाते आणि तीच मी कधी तपासली नव्हती. लांबच्या अन्यायावर हळहळणं सोपं असतं, त्यासाठी घरातल्या माणसाशी भांडावं लागत नाही.

मी भांडले. म्हटलं, "बाबा, पुढच्या सौद्यात अट घाला. मजुरांना राहायला नीट जागा, बायांना संडास."

"अट घातली का व्यापारी भाव पाडते. दुसऱ्याचा बगिचा घेते तो."

"मग आपणच बांधू. पत्र्याचं शेड आणि दोन संडास. मी देते पैसे."

"इटलीच्या पैशातून?"

"हो. तीन दिवस कमी करू."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाच दिवसाच्या तोड्यासाठी लाखभर रुपये? लोक हसतीन." आणि थोड्या वेळानं, "अन् फवारनीवाल्याईलेबी कामी येईन म्हना."

हा होकार नाही हे मला माहीत आहे. शेड अजून उभं राहिलेलं नाही. कुठे बांधायचं यावर आमचा वाद चालू आहे. त्यांना ते विहिरीजवळ हवंय, म्हणजे पुढे खतांची पोती ठेवता येतील. मला भीती वाटते की शेवटी त्यात पोतीच राहतील. शिवाय मी हेही ओळखून आहे की लाखभर रुपये काढून ठेवल्यानं उरलेले तीन लाख पवित्र होत नाहीत. मला हिशेब चुकता करायचा नव्हता. 'आपली माणसं नाहीत' हे वाक्य आमच्या घरातून काढायचं होतं, त्याला वेळ लागतोय.

प्रवास आता सात दिवसांचा आहे. व्हिसाचे कागद जमवणं चालू आहे: बँकेचं स्टेटमेंट, आयकराची विवरणपत्रं, हॉटेलची बुकिंग, निदान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा. अडचण आलीच तर मला तिथं दवाखान्यात नेतील, याची लेखी हमी दिल्याशिवाय ते मला देशात घेत नाहीत. हे कलम वाचताना मला लातिनाचा तो माणूस आठवला.

त्या दिवशी संध्याकाळी त्या मुलीला चार्ज झालेला फोन परत दिला. तिनं विचारलं, कुठे राहता? पुणे, मी म्हटलं. मग ती कॅरेटं मोजायला गेली. इटलीचा फोटो माझ्या हातातच होता, तो मी तिला दाखवला नाही. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

मानारोलाजवळच्या एका छोट्या वाइनवाल्या कुटुंबाकडे आम्ही एक दुपार ठरवली आहे. वेलींतून फिरवतात, मग शाकेत्रा चाखायला देतात. वाइनच्या चवीबद्दल मला काही कळत नाही. पण त्यांना विचारायचे प्रश्न मी फोनमध्ये लिहून ठेवले आहेत: भिंत पडली तर कोण बांधतं? तोडायला कोण येतं? ते राहतात कुठे?

परवा फोनवर बाबांना ही यादी वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "अन् मजुरी किती देते, तेबी विचारून ये."